कारण : वडिलांची बदली

१९८६ च्या मे महिन्यात आमच्या रत्नागिरीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, एकाच पेनने दोन अर्ज लिहिले गेले. पहिला बाबांचा. बँकेने त्यांची बदली तमिळनाडूत, कुंभकोणमजवळ आडुतुरै नावाच्या गावी केली होती. ती रद्द व्हावी, ही नम्र विनंती. दुसरा माझा. मी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात जाणार होतो. ते वर्ष मला तिकडच्या विद्यापीठात करू द्यावं, ही नम्र विनंती. बाबांना जायचं नव्हतं आणि त्यांना धाडत होते. मला जायचं होतं आणि मला कुणी घेत नव्हतं. आई मधे बसून आंब्याच्या फोडी करत होती. ती म्हणाली, "अर्जांची अदलाबदल करा. दोघांचंही काम होईल."

आईचं ऐकायला हवं होतं.

मला जायचं होतं त्यात ज्ञानाची तहान वगैरे काही नव्हतं. आई बाबांबरोबर जाणार, घराला कुलूप लागणार आणि मी मागे राहिलो तर मेसची आमटी खाणार. ती आमटी मी एकदा मित्राबरोबर खाल्ली होती. तळाशी वाटीवरचं नाव वाचता येत होतं. दुसरं कारण असं की पहिल्या वर्षी केमिस्ट्रीने मला धरलं होतं. नवं गाव, नवं विद्यापीठ, नवी केमिस्ट्री, असा माझा साधा हिशेब. केमिस्ट्री सगळीकडे एकच असते हे मला ठाऊक होतं, पण आशा फार चिवट.

मराठीत नोकरदाराच्या बदलीला केवढा मान आहे! बदली होते, मग ती थांबवायला कोणीतरी मुंबईला जातो, ती थांबत नाही, मग निरोप समारंभ, शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. विद्यार्थ्याच्या बदलीला मात्र शब्दच नाही. कागदावर तिला स्थलांतर म्हणतात. हा शब्द आपण एरवी फ्लेमिंगोंसाठी वापरतो. फ्लेमिंगोंचं बरं असतं. तमिळनाडूच्याच किनाऱ्यावर कोडिक्करैला ते दर हिवाळ्यात हजर होतात आणि आधीच्या तळ्याचा ना-हरकत दाखला त्यांच्याकडे कोणी मागत नाही.

बाबांची बदली एका पानात उरकली. "आपणांस कळविण्यात येते की" पासून सुरुवात, खाली सही, सोबत सामान हलवायचा भत्ता आणि रुजू व्हायला थोडे दिवस. रत्नागिरीचं डेबिट आणि आडुतुरैचं डेबिट समकक्ष आहे का, असं बँकेने विचारलं नाही. बाबांनी आतापर्यंत मोजलेल्या नोटांचा अभ्यासक्रम साक्षांकित करून मागवला नाही. माझ्या बाबतीत हे सगळं झालं.

टी. सी. हवा. मायग्रेशन हवं. चारित्र्याचा दाखला हवा. दोन्हीकडचा ना-हरकत दाखला हवा. आमचं कॉलेज म्हणालं, तिकडे प्रवेश मिळाल्याचं पत्र आणा, मग टी. सी. देतो. तिकडचं कॉलेज पत्राने म्हणालं, टी. सी. पाठवा, मग प्रवेशाचं बघू. मायग्रेशन विद्यापीठ देणार, पण टी. सी. पाहून. हे वर्तुळ पूर्ण गोल होतं, त्यात शिरायला दार नव्हतं. शेवटी बाबांच्या ओळखीच्या एका खातेदाराने कॉलेजच्या ऑफिसात जाऊन कुठेतरी भोक पाडलं. ते कसं पाडलं हे मी तेव्हा विचारलं नाही आणि आता लिहीत नाही.

सगळ्यात बहारीचा भाग अभ्यासक्रमाचा. दोन्ही विद्यापीठांत काय शिकवतात ते ताडून बघायचं, म्हणून पहिल्या वर्षाचा अख्खा अभ्यासक्रम हवा होता, प्रत्येक पानावर प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानिशी. मी चक्रमुद्रित पानांचा गठ्ठा घेऊन ऑफिसात उभा राहिलो. शिपायाने गोल शिक्का काढला. पॅड वाळलेलं. मग तो शिक्का तोंडाशी नेऊन त्यावर "हा" करून वाफ सोडायचा आणि धाडकन उठवायचा. हा, धाड. हा, धाड. पानं जसजशी सरत गेली तसतसा त्याचा दम कमी झाला आणि शिक्के फिकट होत गेले. शेवटचं प्रकरण होतं ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं, मी ज्यात गेलो होतो नेमकं तेच. त्यावर नुसती जांभळी सावली उठली. तिकडच्या क्लार्कने पुढे तेच पान वर करून उजेडाकडे धरलं.

गाडीचा प्रवास सांगत बसत नाही. एवढंच की मद्रास सेंट्रलपर्यंत रूळ रुंद होते आणि एग्मोरपासून पुढे कुंभकोणमच्या वाटेवर मीटर गेज. म्हणजे मद्रासला सगळं सामान उतरवायचं, हमालाच्या डोक्यावर द्यायचं, दुसऱ्या स्टेशनात न्यायचं आणि लहान डब्यात कोंबायचं. बाबा म्हणाले, "बघून ठेव. तुझं ॲडमिशन असंच होणार."

आडुतुरै कुंभकोणम आणि मयिलाडुतुरैच्या मधे आहे. लहानसं स्टेशन, चहूकडे भात. गावाचं जुनं नाव तेन्कुरंगाडुतुरै, त्यात कुरंगु म्हणजे माकड. सुग्रीवाने इथे शंकराची पूजा केली अशी कथा आहे. सुग्रीवही राज्य गमावून हिंडत होता, तेव्हा माझी बैठक बरी जमली.

प्रवेशासाठी आम्ही तिथून जवळच्या एका कॉलेजात गेलो. त्याचं नाव सांगत नाही; तिथल्या हेडक्लार्कसाहेबांची नातवंडं आता कुठल्या हुद्द्यावर असतील सांगता येत नाही. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशात तीन पेनं, समोर पितळी पेपरवेट. त्यांनी माझी फाईल उघडली आणि फार प्रेमाने, एकेक कागद करून, मला नाकारलं.

"पार्ट वन?" त्यांनी विचारलं.

तमिळनाडूतल्या पदवीत पार्ट वन म्हणजे भाषा. तमिळ, नाहीतर संस्कृत, हिंदी. पार्ट टू इंग्रजी. पार्ट थ्री मुख्य विषय, त्याला जोडून अँसिलरी. विज्ञानाच्या पोरालाही पहिली दोन वर्षं भाषा घ्यावी लागते. आमच्याकडे विज्ञानाला जायचं त्याचं निम्मं कारणच असतं की मराठीचा पेपर सुटतो. मी म्हणालो, पार्ट वन नाही. ते म्हणाले, मग पार्ट टू? मी म्हणालो, तेही नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. पहिला आणि दुसरा भाग न वाचता थेट तिसऱ्या भागाला आलेला माणूस त्यांनी बहुधा सिनेमाच्या थेटराबाहेर पाहिला नव्हता.

मग ते गुणपत्रिकेवर आले. केमिस्ट्रीसमोर लिहिलं होतं, ए.टी.के.टी.

"व्हॉट ईज दिस एटीकेटी?"

बाबांनी समजावलं. अलाउड टू कीप टर्म्स. म्हणजे मुलगा एका विषयात नापास आहे, पण पुढच्या वर्गात बसू शकतो, बसून तो विषय सोडवू शकतो, आणि सोडवला नाही तरी काही काळ बसू शकतो. तत्त्व सांगताना बाबांचा स्वर असा लागला होता की जणू हा महाराष्ट्राने देशाला दिलेला संतविचार आहे.

हेडक्लार्कसाहेबांचा चेहरा उजळला. "ओ, अरियर्स!"

आता बाबांचा चेहरा उजळला. बँकेतल्या माणसाला अरियर्स म्हणजे पगाराची थकबाकी. करार झाला, अरियर्स निघाले, घरात फ्रीज आला, असा तो शब्द आमच्या घरी दिवाळीसारखा उच्चारला जायचा. बाबा आनंदाने म्हणाले, "येस येस, ही हॅज अरियर्स!" तिकडे अरियर्स म्हणजे नापास झालेले विषय. संपूर्ण ऑफिस मान वर करून एका बापाकडे बघू लागलं, जो मुलगा नापास झाल्याचं हसत हसत, दोनदा येस म्हणून, सांगत होता.

"अडुत्त वर्षम पाक्कलाम, तंबी," साहेब म्हणाले. अडुत्त म्हणजे पुढचं. पुढच्या वर्षी बघू. तंबी म्हणजे धाकट्या भावा. मला आयुष्यात इतक्या गोड शब्दांत कोणी हाकललेलं नाही. आमच्याकडे "उद्या या" म्हणतात त्यात उद्या तरी असतो.

फाईल मात्र त्यांनी ठेवून घेतली. मूळ कागद तिकडच्या विद्यापीठात समकक्षतेसाठी जाणार होते. इकडचं वर्ष सुरू झालं होतं, रत्नागिरीचं कॉलेज मी टी. सी. घेऊन सोडलं होतं. त्या जूनपासून मी कुठलाच विद्यार्थी नव्हतो. विचारलं तर काय करतोस, तर मी समकक्ष होत होतो.

*

आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. गाव त्यांना रायर म्हणायचं. तिकडच्या मराठी देशस्थांना तोच शब्द आहे. त्यांच्या मराठीला तमिळची चाल होती आणि शब्द बखरीतले. पहिल्या दिवशी त्यांनी आईला जे काही विचारलं त्यातलं आईला निम्मं कळलं, पण डोळे भरून आले. तंजावरच्या मराठी घरात पाऊल टाकलं की सांबाराची गोष्ट ऐकावी लागते. ती तुम्ही ऐकलेली असणार, म्हणून गाळतो. आम्ही चार वेळा ऐकली.

माझी हकिकत ऐकून आजोबा म्हणाले, "आम्ही व्यंकोजीराजांबरोबर आलो, तेव्हा कोणी मायग्रेशन मागितलं नाही."

व्यंकोजीराजे आले १६७५-७६ च्या सुमाराला. तंजावरच्या गादीवर मराठे १८५५ पर्यंत होते. आपण कोण, कुठून आलो, याचा दाखला त्यांनी कुणाकडे मागितला नाही. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली दुसऱ्या सरफोजींनी भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरून टाकला. साक्षांकित प्रत म्हणतात ती ही. शिक्का फिकट होण्याचा प्रश्नच नाही.

याच सरफोजीराजांचं शिक्षण अर्धवट असताना संस्था बदलावी लागली होती, हे आजोबा आवर्जून सांगत. तंजावरात श्वार्ट्झ नावाचा मिशनरी त्यांना शिकवायचा. चुलते अमरसिंग यांच्याशी गादीचं भांडण, राजवाड्यात जिवाला सुख नाही, म्हणून १७९३ साली त्यांना मद्रासला हलवलं आणि पुढचं शिक्षण तिकडे झालं. १७९८ मध्ये परत आले ते थेट राजे म्हणून. सरस्वती महाल ग्रंथालयाला आज जी कळा आहे ती त्यांच्यामुळे. बाबांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "तुझ्यासाठी परत गेल्यावर कुठली गादी रिकामी नाही, एवढं लक्षात ठेव. केमिस्ट्री कर."

आजोबांचा दुसरा दाखला त्याहून जवळचा. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात (मला नाकारलं ते हे नव्हे) १९०४ साली एक मुलगा शिष्यवृत्ती घेऊन दाखल झाला. गणित सोडून कशाला हात लावीना. इंग्रजीत आपटला, शिष्यवृत्ती गेली. १९०५ मध्ये घरी न सांगता गाडीत बसला आणि विशाखापट्टणमकडे निघून गेला. १९०६ मध्ये मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात नाव घातलं. कॉलेज बदललं, नशीब नाही. तिथे शरीरशास्त्र आडवं आलं. एफ. ए.ची परीक्षा तो कधीच पास झाला नाही. एटीकेटी तेव्हा नव्हती. असती तर श्रीनिवास रामानुजन यांनी चार वर्षं टर्म्स कीप करून बी. ए. केलं असतं, कुठल्यातरी ऑफिसात हेडक्लार्क झाले असते आणि कदाचित माझी फाईल उजेडाकडे धरली असती.

झालं ते असं, की १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने कुठलीही पदवी नसलेल्या या माणसाला संशोधनासाठी महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, १९१४ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना संशोधनावर बी. ए. दिलं. दोन कॉलेजांतून नापास, मधे एकदा बेपत्ता, पार्ट वन-पार्ट टूचा पत्ता नाही. असा अर्ज घेऊन आज कुठल्याही खिडकीशी उभं राहून बघा. मी हे सगळं हेडक्लार्कसाहेबांना ऐकवायचं ठरवलं होतं. बाबा म्हणाले, "जरूर ऐकव. फक्त ते म्हणाले की मग तूही एखादं सूत्र काढून दाखव, तर तयारी ठेव."

आजोबा मला रोज सकाळी स्टेशनजवळच्या हॉटेलात न्यायचे. कुंभकोणमची कॉफी म्हणजे डिग्री कॉफी. नाव का पडलं याबद्दल त्या बाकावर रोज वाद व्हायचा. एक पक्ष म्हणायचा, दुधात लॅक्टोमीटर बुडवून डिग्री बघायचे, शुद्ध निघालं की ते डिग्रीचं दूध, त्याची कॉफी ती डिग्री कॉफी. दुसरा म्हणायचा, फिल्टरमधून पहिल्यांदा उतरतो तो अर्क फर्स्ट डिग्री, त्यावर पाणी घालून पुन्हा उतरवलेला अर्क सज्जन माणूस पाहुण्याला देत नाही. तिसरा पक्ष म्हणजे एकटा न्हावी. तो म्हणायचा, चिकोरीचं तोंडात फिरून फिरून डिग्री झालं. मला लॅक्टोमीटरवाले पटायचे. त्यांच्या दुधाला तरी एका बुडवणीत पदवी मिळत होती.

कॉफी यायची पितळेच्या टंबलरमधून, खाली डबरा. डबरा म्हणजे उभट काठाची वाटी. टंबलर उलटा करून कॉफी डबऱ्यात ओतायची, डबरा उचलून पुन्हा टंबलरमध्ये, मग हात वर नेत नेत हातभर उंचीवरून. आजोबांचा हात ऐंशीच्या घरात होता, पण धार मधे तुटत नसे. चार वेळा इकडून तिकडे गेली की वर फेस यायचा आणि तो फेसच खरा. मी पहिल्या दिवशी केलं तेव्हा निम्मी कॉफी लुंगीवर आली. आजोबा म्हणाले, "घाई केलीस. ओतणारा भांडं हलू देत नाही आणि घेणारं भांडं कुरकुर करत नाही, मग सांडत नाही." हे कॉफीबद्दलच होतं. पण मी त्या दिवशी पुन्हा कॉलेजात जाऊन आलो होतो, त्यामुळे मला ते लागलं.

रिकामा माणूस आडुतुरैत भाताकडे जातो. गावात १९२२ पासून भात संशोधन केंद्र आहे. एडीटी हे नाव तमिळनाडूतल्या शेतकऱ्याच्या तोंडी असतं, ते आडुतुरैचंच लघुरूप. जपानी भात आणि देशी भात यांच्या संकरातून आलेलं एडीटी २७ इथलं. साठच्या दशकात तंजावर जिल्ह्याने ते उचलून धरलं. मी तिथे असताना एडीटी ३६ चा बोलबाला होता, आणि १९८७ मध्ये एडीटी ३७ आलं, जाड दाण्याचं, इडलीला उत्तम. थोडक्यात, मी वर्षभर समकक्ष होत राहिलो तेवढ्यात एका भाताने प्रसिद्धीसुद्धा मिळवली.

मी कोकणातला, मला तरवा म्हणजे काय ते ठाऊक. तरी कावेरीच्या कालव्यांवरची लावणी बघत मी बांधावर तासन्‌तास बसायचो. बाया ओणव्या होऊन रोपांची मूठ उपटायच्या, मुळं पाण्यात खळबळवून चिखल सोडवायच्या, मूठ पेंढ्याने बांधायच्या आणि गडी ती भिरकावून दुसऱ्या खाचरात टाकायचा. ज्या खाचरात पडली तिथे तिचं घर. अंगठा आणि दोन बोटं, चिखलात खुपसली, पुढे. चार-सहा दिवस रोप पिवळं पडतं, मान टाकतं. मग एका सकाळी बघावं तर हिरवं. भाताची लावणी म्हणजे शिक्षण अर्धवट असताना विद्यापीठ बदलणंच, आणि त्याशिवाय पीक चांगलं येत नाही असं सगळा गाव मानतो.

केंद्रात काम करणाऱ्या एका गड्याने मला खुणांनी आणि थोड्या इंग्रजीने समजावलं. कुरुवै हंगामाचं रोप तीन आठवड्यांच्या आसपास हलवायचं. उशीर झाला की रोप वयात जातं, मग लावलं तरी फुटवे कमी. एवढं सांगून त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वय विचारलं. मी वीस म्हणालो. त्याने मान हलवली आणि पुढच्या वाफ्याकडे गेला.

मेट्टूर धरणाचं पाणी सोडायची रूढ तारीख १२ जून. पाऊस नसला की ती पुढे जाते, आणि मग शेतकरी काय करतो? थांबतो, पाणी आलं की लावतो. कॉलेजची शेवटची तारीख उलटली होती, पण ते कारण नंतरच्या फेऱ्यांत पुढे आलं. आधीची संपल्यावर.

*

आईने वेगळी बाजू लढवायला घेतली होती. कुंभकोणमच्या आसपास नवग्रहांची देवळं आहेत. सूर्यनार कोविल तर आडुतुरैहून चालत जाण्याजोगं, कंजनूरला शुक्र, तिरुनागेश्वरमला राहू, आलंगुडीला गुरू. माझा कोणता ग्रह अडला आहे ते माहीत नसल्यामुळे आईने सरसकट सुरुवात केली. तमिळमध्ये ग्रह राशी बदलतो त्याला पेयर्ची म्हणतात, म्हणजे स्थलांतरच. गुरू-पेयर्चीला आलंगुडीत ही गर्दी! गुरू साधारण वर्षाला एक घर बदलतो, शनी अडीच वर्षांनी. बदलून आल्याबद्दल लोक त्यांना अभिषेक करतात. सिंहेत गुरू गेला की आपण नाशिकला डुबकी मारतो, आणि कुंभकोणमला त्याच गुरूसाठी बारा वर्षांनी महामहम भरतो. एकाच उमेदवाराचं दोन राज्यांत स्वागत. आई रांगेत उभी राहून म्हणाली, "हा वर्षाला हलतो, तर ह्याला तुझी अडचण कळेल."

खरं तर त्या भागात एकेकाळी पोरं नुसती गुरूच्या मागे जायची. आडुतुरैजवळच तिरुवावडुतुरैचा मठ आहे. मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै हे तमिळचे थोर विद्वान मयिलाडुतुरैला असायचे, तिथून मठात यायचे, पुन्हा जायचे, आणि शिष्यांचा घोळका वह्या-ताडपत्रं घेऊन मागून. १८७१ मध्ये त्या घोळक्यात उ. वे. स्वामिनाथ अय्यर नावाचा सोळा वर्षांचा मुलगा सामील झाला. नंतर प्राचीन तमिळ ग्रंथ शोधून छापणारे म्हणून सगळं तमिळनाडू ज्यांना ओळखतं, ते हेच. पुढे कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं तमिळ शिकवलं. तेव्हा विद्यापीठच धोतर नेसून गावोगाव फिरत होतं. माझ्या वेळेला ते एका जागी बसलं आणि पोरांनी हलू नये अशी अपेक्षा करू लागलं.

स्वतः मात्र हलतं, ही यातली गंमत. मराठवाड्यातली कॉलेजं उस्मानिया विद्यापीठाची होती, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं आणि पोरांचं विद्यापीठ बाकावर बसल्या बसल्या बदललं. कोल्हापूरची कॉलेजं पुण्याची होती, १९६२ पासून शिवाजी विद्यापीठाची झाली. तमिळनाडूत २००७ मध्ये अण्णा विद्यापीठाची वाटणी झाली आणि काही वर्षांनी सगळी भावंडं पुन्हा एका चुलीवर आली. अशा वेळी अख्खी कॉलेजं बाकांसकट इकडून तिकडे जातात आणि सगळं समकक्ष असतं. तुम्ही एकटेच निघालात की मात्र केमिस्ट्री वेगळी निघते.

माझी भाची परवा सांगत होती की आता हे राहिलं नाही. २०२१ पासून ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला बारा आकडी क्रमांक, शिकाल त्याचे क्रेडिट खात्यात जमा, एका विद्यापीठातून दुसरीकडे न्या, सात वर्षांपर्यंत चालतात. बाबा आज असते तर त्यांनी पहिला प्रश्न व्याजाचा केला असता. दुसरा असा, की खातं दुसऱ्या शाखेत हलवायला अर्ज कुणाकडे द्यायचा. भाचीने मोबाईलवर तिचं खातं उघडून दाखवलं. क्रेडिट होते. विद्यापीठ बदलायच्या अर्जापुढे लिहिलं होतं, प्रलंबित. मला एकदम हेडक्लार्कसाहेबांची आठवण झाली. पण पडदा तंबी म्हणत नाही.

*

१९८७ च्या एप्रिलमध्ये दोन टपालं एका आठवड्यात आली. पहिलं बँकेचं. बाबांनी आडुतुरैत पाऊल ठेवल्यापासून दर महिन्याला विनंती बदलीचा अर्ज धाडला होता, तो मंजूर. रत्नागिरी. दुसरं तिकडच्या विद्यापीठाचं. माझी समकक्षता मंजूर, पार्ट वन आणि पार्ट टू पूर्ण करण्याच्या अटीवर दुसऱ्या वर्षात प्रवेश द्यायला हरकत नाही. म्हणजे ज्या दिवशी मला तिथे घेतलं, त्या दिवशी आम्ही ट्रंका भरत होतो. हेडक्लार्कसाहेबांना निरोप घ्यायला गेलो तर ते खऱ्याखुऱ्या आनंदाने उठून उभे राहिले, "कन्ग्रॅच्युलेशन्स, तंबी!" मी जातोय हे त्यांना सांगायला मला तीन वाक्यं लागली. फाईल परत देताना त्यांनी प्रत्येक कागद मोजून दिला. शेवटचं जांभळ्या सावलीचं पानसुद्धा. आणि सगळ्यांसाठी कॉफी मागवली.

रत्नागिरीला जुन्या कॉलेजात जाऊन मी म्हटलं, परत आलो, दुसऱ्या वर्षात बसवा. क्लार्कने रजिस्टर काढलं. "तुमचं मायग्रेशन झालंय. तुम्ही ह्या विद्यापीठाचे नाही."

"पण मी दुसऱ्या कुठल्या विद्यापीठातही गेलो नाही."

"ते तुमचं. परत यायचं तर तिकडचं मायग्रेशन आणा."

ज्या विद्यापीठात मी एक दिवसही नव्हतो ते सोडल्याचा दाखला मला हवा होता. शिवाय मधलं वर्ष कुठे होतो त्याचं प्रतिज्ञापत्र. मी स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर, सत्यप्रतिज्ञेवर लिहून दिलं की सदर वर्षात मी काहीही केलेलं नाही. खाली दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. त्यातल्या एकाने मला वर्षभर पाहिलंही नव्हतं. तो म्हणाला, ह्याला ओळखतो, केलं नसणारच.

शेवटी त्याच शिपायाने वाट सांगितली. मायग्रेशन रद्द करता येतं. मूळ दाखला जमा करा, फी भरा, अर्ज करा. मी छापील अर्ज घेतला. रकान्यांत नाव, वर्ग, विषय. खालचा रकाना कारणाचा. मी भरून खिडकीतून आत दिला. क्लार्कने तो वाचला, मग माझी जुनी फाईल काढून १९८६ चा अर्ज शेजारी ठेवला आणि दोन्हींवर बोट ठेवून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"अहो, जाताना हेच कारण लिहिलं होतंत."

"हो," मी म्हटलं, "तेच आहे."

त्याने शिक्का तोंडाशी नेला आणि "हा" केलं.